चार सेकंदांची जागल

सोमवारी पुण्यात तीन तोफांपैकी एकीवर बोट ठेवायचंय मला,
आणि शुक्रवारच्या रात्री मी भद्रावतीपलीकडच्या वावरात,
महागू नन्नावरेच्या मचानावर, पाय खाली सोडून.

ज्वारी हुरड्यात आलेली.
रोही धुऱ्याशी उभे असतील. दिसत नाहीत.
दिसू नये, हेच तर माझं काम:
विमान असं घडवायचं की कोणाच्या डोळ्यात भरू नये,
एक खिळासुद्धा अंगावर उठून दिसू नये,
आणि तरीही त्याच्या पोटात एक तोफ असावी.

तोफेला तोंड लागतं. तोंडाला झाकण.
झाकण उघडलं की पापणी लवेल एवढाच वेळ
अख्खं विमान उघड्यावर येतं.
महागूच्या मांजरीला हे गणित कोणी शिकवलं नाही.
नख्या मिटून ती माझ्या ओढणीवर झोपली आहे.

पहिली तोफ सात नळ्यांची. ती आधी घुमते, मग देते,
जसं जातं पहिल्या वेढ्याला पीठ देत नाही.
दुसरी जोडनळी, जुनी, भरवशाची,
पण धक्का असा की रडारच्या डोळ्यांपुढे काजवे.
तिसरी एकनळी. हलकी. लगेच बोलते.
घसा मात्र लवकर तापतो.
गोळे सव्वाशे.
सगळे मिळून चार सेकंद.

बैठकीत एक तरुण विंग कमांडर म्हणाला, तोफच कशाला, मॅडम?
एवढं जवळ येतंच कोण आता?
क्षेपणास्त्र क्षितिजापलीकडून काम उरकतं.
दोनशे किलो वाचतील, तेवढं इंधन भरा.
मला उत्तर सुचलं नाही.
मी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं.

यातलं काहीच महागूला सांगायचं नाही, कागदावर सही केलेली आहे.
म्हणून गोफणीचं विचारलं.
"मामा, लोक कुंपणात करंट सोडतात. तुम्ही अजून गोफण कायले?"

तो बराच वेळ तंबाखू मळत बसला.
"करंटले समजते का कोन आलं ते?
पोहन्याच्या वावरात मांगच्या साली
ढुमणेचा बैल चिकटला. सकाळी ढुमणे बी.
तार हाक नाई मारत, बाई.
गोफन पयले वाजते, मंग लागते."

तीनच्या सुमारास ज्वारी हलली.
महागूनं टोपलीत हात घातला, एक गोटा तळव्यावर तोलला,
"हा जड हाय. यानं मरते," म्हणून परत ठेवला.
दुसरा घेतला. गोफण डोक्याभोवती फिरली,
एकदा, दोनदा, आणि अंधार फाटल्यासारखा आवाज झाला.
कळप उधळला. खुरांचा आवाज नाल्यापर्यंत गेला,
मग गोटा कुठेतरी तुरीत पडल्याचं ऐकू आलं.
"अकरा उरले," तो म्हणाला.

माझ्या टोपलीत हलका गोटा नाही, मामा.
माझा प्रत्येक गोळा जडच.
पण वाजवायचं की लावायचं,
हे ठरवायला वरच्या त्या पोराकडे काहीतरी असेल,
चार सेकंदांचं का होईना.
क्षितिजापलीकडून कोणी कोणाला हाक मारत नाही.

सोमवारी मी एकनळी लिहीन.
कारणांच्या रकान्यात वजन, धक्का, झाकण उघडण्याचा काळ.
"लगेच बोलते" असं लिहून खोडीन, कारण
त्या रकान्यात बोलणं बसत नाही.
आणि कदाचित मी चुकतही असेन;
विंग कमांडरचे दोनशे किलो खोटे नव्हते.

फटफटलं तसा महागू खाली उतरला,
तुरीत वाकून काही शोधू लागला.
"एका गोट्यासाठी एवढं?"
"नदीवरून आनला व्हता," एवढंच म्हणाला.

मीही चपला काढून तुरीत शिरले.
तास झाला असेल.
दवानं ओढणी पोटऱ्यांना चिकटली,
मांजर मचानावरून बघत राहिली.
गोटा अजून सापडलेला नाही.